कागदावरची दोन वर्षं

हॉकी खेळणाऱ्या बाईने आपली गोष्ट मैदानावरून सुरू करावी अशी लोकांची अपेक्षा असते. मला ते जमायचं नाही, कारण काठी हातात येण्याच्या कितीतरी आधी माझ्या हातात भाकरी थापायची काटवट आली होती. नागपूरबाहेर अमरावती रोडला वाडी म्हणून वस्ती आहे, तिथे ट्रान्सपोर्टची गोडाऊनं होती. त्यातल्या एकाच्या मागच्या भिंतीला टेकवून मालकाने मजुरांसाठी टिनाच्या खोल्या काढल्या होत्या, त्यातली टोकाची आमची. बाबा त्या गोडाऊनमध्ये हमाल होते, म्हणून ती खोली आम्हाला. माय दुपारी ट्रकवाल्यांना जेवू घालायची. ज्वारीची भाकर, वांग्याची भाजी, शेंगदाण्याची चटणी आणि शुक्रवारी पाटवडीचा रस्सा. त्या रश्श्यावर अशी तर्री असायची की चांगले आडदांड पंजाबी ड्रायव्हर बसण्याआधीच पाण्याचा तांब्या जवळ ओढून घ्यायचे. दिवसभर ट्रकचे फाळके धाडकन पडायचे, साखळ्या खणखणायच्या, आणि दर वेळी आमच्या मांडणीवरची भांडी थरथरायची. पाहुणे दचकायचे. आम्हाला रविवारी ती थरथर नसली की चुकल्यासारखं व्हायचं. डिझेलचा वास तर आमच्या वरणभातालासुद्धा यायचा, पण ते मला पहिल्यांदा बाहेरगावी खेळायला गेले तेव्हा कळलं, तिथल्या वरणाला कसलाच वास येईना म्हणून.

गावची सातवी करून आम्ही नागपूरला आलो आणि सीताबर्डीच्या एका शाळेत माझं नाव घालायचं ठरलं. बाबांच्या टाचेत त्या आठवड्यात खिळा गेला होता, म्हणून सायकल मी चालवली आणि बाबा मागे कॅरिअरवर बसले. बाबा म्हणजे दोन मणाचं पोतं पाठीवर घेऊन फळी चढणारा माणूस, अंगाने तसाच. वाडीवरून बर्डीपर्यंत मी त्यांना ओढत आणलं. शाळेच्या फाटकात एक बुटका, काळा, शिट्टी गळ्यात अडकवलेला माणूस सुपारी चघळत उभा होता. ते ढोबळे सर, शाळेचे पीटीचे मास्तर. त्यांनी आम्हाला उतरताना पाहिलं आणि माझ्याकडे बोट दाखवून बाबांना विचारलं, "कुठून आणलं हिनं तुमाले?"

"वाडीवरून, सर."

"म्हणजे पुरी वाट हिनंच चालवली?"

बाबांना वाटलं सर रागावले. ते आपली टाच दाखवायला लागले. सरांनी टाचेकडे ढुंकून पाहिलं नाही, माझ्या पायांकडे पाहिलं. प्रवेशाचं टेबलही त्या दिवशी त्यांच्याकडेच होतं. बाबांनी खिशातून गावच्या शाळेचा दाखला काढून दिला. सरांनी तो वाचला, बोटावर काहीतरी मोजलं, आणि घडी करून परत बाबांच्या खिशात घातला. "हा घरीच राहू द्या भाऊ. दाखला हरवला असं लिहून द्या. जन्मतारीख मी दोन वर्षं अलीकडची टाकतो. पोट्टी दोन वर्षं जास्त खेळन." त्या काळी, आणि मी म्हणेन आजही, शाळेच्या टीमा उभ्या करणाऱ्या माणसांना याच्यात चोरी वाटत नसे. आंब्याची पेटी भरताना चांगले आंबे वर ठेवतात, तसं ते. बाबांनी क्षणभर विचार केला आणि खुश होऊन म्हणाले, "लिहा सर, लिहा. पोरीचं वय कमीच बरं. लग्नाच्या टायमाले कामी पडन." दोघं हसले. बाबांनी अंगठा उठवला. अशी मी आठवीच्या वर्गात शिरता शिरता पंधराची तेरा वर्षांची झाले.

हॉकीबद्दल फार लिहीत नाही. लिहायला बसले की हात थांबत नाही आणि वाचणाऱ्याला झोप येते. इतकंच सांगते की मी सेंटर हाफ खेळायची, आणि सेंटर हाफ म्हणजे घरातली सून. सगळ्यांचं काम तिनंच करायचं आणि नाव मात्र गोल मारणारीचं व्हायचं. सर आम्हाला उन्हात पळवायचे, शिव्या द्यायचे, आणि कुणाचा पाय सुजला तर स्वतः जमिनीवर बसून हळद-तेल लावायचे. तरुणपणी ते स्वतः चांगले खेळत होते म्हणे. त्यांना कुठल्या टीमने घेतलं नाही, की घेऊन सोडलं, ते त्यांनी कधी सांगितलं नाही. चार वर्षांत आमच्या शाळेने दोनदा स्पर्धेची ढाल जिंकली. ती ढाल मुख्याध्यापकांच्या खोलीत लागली आणि कधी नव्हे ते सरांना त्या खोलीत खुर्ची मिळायला लागली. हे मला तेव्हा दिसलं होतं, कळलं मात्र पुष्कळ नंतर, मी स्वतः कोच झाल्यावर. माणसाला खुर्ची फार उशिरा मिळाली तर तो ती सोडताना काय काय करतो, हे मी पाहिलेलं आहे.

मी मॅट्रिकला होते त्या हिवाळ्यात बाबांच्या पाठीवर कापसाची गठाण आली. ट्रकवरून घसरली. आरडाओरडा ऐकून माय हातात उलथणं तसंच घेऊन धावली होती. बाबांना धंतोलीच्या दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं की मणका दबला आहे, पाय पूर्ण गेलेले नाहीत. वर्षभर नेमाने उपचार झाले, पाय चालवून घेतले, तर काठी धरून उभे राहतील. मध्येच सोडलं तर नाही. माय हे वाक्य घरी आल्यावर भाकरी थापताना स्वतःशीच म्हणायची, "मधीच सोडलं तं नाई." दिवसातून कितीदा तरी. उन्हाळा लागला तसा मालकाचा माणूस आला. वाईट बोलला नाही, उलट बाबांच्या खाटेशी बसून चहा प्याला. खोल्या कामावरच्या माणसांसाठी आहेत, नवा हमाल ठेवला आहे, त्याची बायकापोरं उघड्यावर आहेत, तेव्हा पोळ्याच्या आत खोली मोकळी करा, एवढंच त्याचं म्हणणं. खोली गेली की मायची खानावळ गेली, आणि गावी परत जायचं म्हणजे धंतोली गेली. गावी काका म्हणत होते या, आम्ही काही टाकून देणार नाही. पण काकांच्या घरी बाबा आयुष्यभर खाटेवर पडून राहणार हे आम्हा तिघांनाही ठाऊक होतं. त्या दिवसांत आमच्या घरात जेवताना फक्त चावण्याचा आवाज यायचा.

अशात सर एका दुपारी सायकल हाणत वाडीला आले. घामाने निथळत होते. एका मोठ्या सरकारी खात्याची मुलींची टीम उभी होणार होती, नागपुरातच निवड होती, आणि निवडलेल्या मुलीला खात्यात नोकरी, राहायला क्वार्टर. क्वार्टर हा शब्द ऐकून माय चुलीपुढून उठली. "सर, लागन का वं हिचं?" बायकांना म्हणायचं ते वं सरांना म्हणाली बिचारी, इतकी भांबावली होती. सर म्हणाले, "हिचं नाई लागन तं कोणाचं लागन?" मायने त्यांना कैरीचं पन्हं दिलं आणि ते पिऊन होईपर्यंत पदराने वारा घालत उभी राहिली.

निवडीचे ते तीन दिवस मी कशी खेळले हे मला आठवत नाही. माणूस विहिरीत पडल्यावर दोराला कसा लटकतो ते त्याला कुठे आठवतं? कमरेला मायने कांदा बांधून दिला होता, ऊन लागू नये म्हणून. तिसऱ्या दिवशी नाव वाचलं तेव्हा माझं दुसरं होतं. मी सरांच्या पाया पडले. सर रडले. तासाभराने कागद तपासायला खात्याच्या साहेबांसमोर उभी राहिले. साहेब उत्तरेकडचे, शांत माणूस, चष्म्यातून वर बघत म्हणाले, "बेटा, तुम तो सोलह की हो. नौकरी अठारह पूरे होने पर लगती है." मी म्हणाले, मी अठराची पूर्ण आहे. ते म्हणाले, "कागज़ बोलता है, तुम नहीं. कल शाम तक अठारह का सबूत लाओ. नहीं तो अगली लड़की."

अठराचा पुरावा आमच्या पत्र्याच्या पेटीत, मायच्या लग्नातल्या शालूखाली होता. गावचा दाखला. मी तो काढून खाटेवर ठेवला आणि बाबांना सगळं सांगितलं. दाखला दाखवला की साहेब विचारणार, मग शाळेत दुसरी तारीख कुणी घातली? सरांचं नाव आलं की सरांची नोकरी गेली, शाळेची ढाल गेली. माझ्यासोबत खेळलेल्या आणखी चौघींच्या तारखाही सरांनीच बसवल्या होत्या, त्यांचं काय होईल देव जाणे. माय म्हणाली, "ज्या माणसानं हात धरला, त्याचाच हात तोडाचा का वं?" मी म्हणाले, "मग बाबांचे पाय?" असं तोंडावर बोलायला नको होतं. बाबा टिनाकडे बघत पडले होते.

"शकू," ते म्हणाले, "अंगठा कोणाचा आहे त्या कागदावर?"

"तुमचा."

"मंग झालं तं. सांगजो, माह्या बापानं खोटी तारीख सांगतली. सरले काईच मालूम नव्हतं. माहं काय वाकडं करतीन? मी तं असाच पडून आहो." आणि हसले. बाबांच्या त्या हसण्याचा मला तेव्हा राग आला होता. आता येत नाही, आता दुसरंच काहीतरी होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी शाळेत सरांना गाठलं. मी बोलायला सुरुवात केली तशी त्यांचं सुपारी चघळणं थांबलं. दाखल्याचं ऐकल्यावर ते खाली बाकावर बसले आणि म्हणाले, "शकू, माह्यी चार वर्षं राहिली वं नोकरीची." ज्या माणसाने मला भर उन्हात पडेपर्यंत पळवलं, तो माझ्याकडे असं बघत होता की जणू शिट्टी माझ्या गळ्यात आहे. मग मी बाबांचं म्हणणं सांगितलं. सरांच्या चेहऱ्यावर सुटका दिसली. ती लपवायला त्यांना थोडा वेळ लागला, आणि तेवढ्या वेळात मी ती पाहिली. ते म्हणाले, "तुहा बाबा देवमाणूस आहे." आम्ही लगेच निघालो.

साहेबांच्या खोलीत पंखा होता, तरी सरांचा सदरा पाठीला चिकटला होता. साहेबांनी दोन्ही तारखा पाहिल्या आणि सरांना विचारलं, "मास्टरजी, आपको पता नहीं था?" यावर नाही एवढं म्हटलं असतं तरी चाललं असतं. पण घाबरलेला माणूस एका शब्दावर थांबत नाही. सर म्हणाले, "साहब, मैंने तो कितनी बार असली दाखला माँगा. ये लोग अनपढ़ हैं, मज़दूर लोग, बच्चों के नाम पर कुछ भी लिखवा देते हैं. लालच रहता है साहब. बाप ही ऐसा हो तो बच्ची क्या करे?" मी शेजारी उभी होते. मला वाटलं सर माझ्याकडे बघतील. नाही बघितलं. साहेबांनी मात्र चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं. "सच है? बाप ने झूठ लिखवाया?"

मी मान हलवली. नुसती हलवली नाही, वरून "जी" म्हणाले.

साहेब म्हणाले, बापाचा जबाब लेखी हवा, अंगठ्यासकट, आज संध्याकाळच्या आत. बाहेर बाकावर बसून सरांनीच तो लिहिला. त्यांचं अक्षर फार देखणं होतं, शाळेचे फळे तेच लिहायचे. अंगठ्यासाठी शाळेची शाईची डबी त्यांनी माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "जाय, लवकर जाऊन ये." मी सायकल काढली. अमरावती रोडला एका कडुनिंबाखाली थांबून कागद उघडला. त्यात लिहिलं होतं: मी निरक्षर मजूर असून, मुलीस खेळात बक्षिसे मिळावीत या लोभाने मी शाळेस व क्रीडाशिक्षकांस जाणूनबुजून फसविले. क्रीडाशिक्षकांनी वारंवार मागूनही मी खरा दाखला दडवून ठेवला. माझ्या अप्रामाणिकपणाची शिक्षा मुलीस देऊ नये, ही विनंती.

मी ते तीनदा वाचलं. प्रत्येक वेळी दडवून ठेवला या शब्दांशी अडकले, कारण तो दाखला सरांनी स्वतःच्या हाताने बाबांच्या खिशात परत घातला होता. फाडून टाकावा असं फार वाटलं. परत जाऊन सरांच्या तोंडावर फेकावा असंही वाटलं. पण दुसरा कागद कोण लिहिणार? मला सरकारी भाषा येत नव्हती, वेळ नव्हता, आणि सर एकदा बिथरले तर दाखलाच खोटा म्हणतील ही भीती होती. मी अठरा वर्षांची होते, आणि खरं सांगते, त्या झाडाखाली मला सर, बाबा, हॉकी, कुणीच नको होतं. मला फक्त क्वार्टर हवं होतं. चार भिंती, पक्क्या. मी कागदाची घडी केली आणि पायडल मारलं.

घरी माय बाबांच्या पायांना तेल चोळत होती. बाबा म्हणाले, "आणला? वाच बरं, काय लिवलं ते." आमच्या घरात वाचता येणारी मी एकटी. मी खाटेच्या कडेला बसले, कागद डोळ्यांपुढे धरला आणि वाचल्यासारखं करत म्हणाले, "माझ्या मुलीची जन्मतारीख सांगताना माझ्याकडून चूक झाली. दोन वर्षं कमी सांगितली गेली. खरी तारीख गावच्या दाखल्यात आहे. तरी तीच धरावी, ही विनंती." माझा आवाज अजिबात कापला नाही. त्याचंच मला पुढे सगळ्यात जास्त वाटत राहिलं.

बाबा म्हणाले, "बस? कागद तं पुरा भरून दिसून राहिला."

"सरकारी मराठी असते बाबा. फुगवून लिहितात."

"सरचं नाव तं नाई ना कुठी?"

"नाही."

"मंग ठीक आहे. नाई तं भल्या माणसाले आपल्यापाई तरास." त्यांनी हात पुढे केला. मी त्यांचा अंगठा शाईत बुडवला आणि त्या देखण्या अक्षरांखाली टेकवला. गठाणी ओढून ओढून त्यांच्या अंगठ्यावरच्या रेषा झिजल्या होत्या, नुसता काळा डाग उमटला. बाबांनी तो निरखून पाहिला आणि विचारलं, "चालन ना असा?" मी चालेल म्हणाले. माय माझ्या तोंडाकडे बघत होती. तिला अक्षर येत नव्हतं, पण तिला मी येत होते. ती उठून बाबांचा अंगठा पदराने पुसत बसली.

नोकरी लागली. पोळ्याच्या आधी आम्ही क्वार्टरमध्ये गेलो. निवडीचं पत्र आलं त्या दिवशी सर संत्रा बर्फीचा डबा घेऊन वाडीला आले होते. बाबांनी खाटेवरून हात जोडले, "सर, तुमच्यामुळं झालं हे." सरांनी डबा ठेवला, अर्धा पेला पाणी प्यायले आणि शाळेत काम आहे म्हणून निघून गेले. त्यानंतर मी त्यांच्याशी कधी नीट बोलू शकले नाही. ते मैदानावर भेटायचे, मी पाया पडायची, ते डोक्यावर हात ठेवायचे, आणि दोघंही लगेच दुसऱ्या कुणाशी तरी बोलायला लागायचो. पुढे गुडघा गेला, मी शिट्टी गळ्यात घातली आणि पुष्कळ वर्षं पोरींना शिकवलं. आईबाप तारखा घेऊन यायचे, मॅडम एखादं वर्ष कमी करता येईल का विचारायचे, आणि मी त्यांना असं काही बोलायची की माझं नाव खडूस पडलं. खेळणाऱ्या चांगल्या पोरी त्यापायी गमावल्या. त्याचं वाईट वाटतं, पण झोप लागते.

बाबा काठी धरून उभे राहिले. दारापर्यंत जाऊ लागले, पुढे नळापर्यंत. क्वार्टरच्या ओसरीवर खुर्ची टाकून बसायचे आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवून सांगायचे, "पोरगी खेळते लई, ते खरं. पण नोकरीच्या टायमाले साहेबानं माहा अंगठा मागतला. मास्तरचा नाई, कोणाचाच नाई. म्हणे बापाचाच पाहिजे." दर पाहुण्याला, दर दिवाळीला, मरेपर्यंत त्यांनी ही गोष्ट सांगितली. दर वेळी त्यात थोडी भर पडायची. शेवटी शेवटी तर साहेब स्वतः उठून उभा राहिला असंही असायचं. पाहुणा माझ्याकडे बघून विचारायचा, "खरं का?" बाबाही बघायचे, मान ताठ करून.

मी मान हलवायची, आणि चहा ठेवायला आत जायची.